बी काउंटरवरचं फॅमिली कोर्ट

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाला आदेश दिला की १७ वर्षांच्या एका मुलीला पासपोर्ट द्या. जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी तिची निवड झाली होती. आईने नियमात सांगितलेलं घोषणापत्र जोडलं होतं. अर्ज अडला होता तो वडिलांच्या संमतीवर, कारण नवराबायकोचा वाद चालू होता. परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि आईबापाच्या भांडणापायी तो मुलीला नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल साधा, सरळ होता. पण तेव्हापासून हा विषय निघाला की बसल्या बैठकीत दोन तट पडलेले मी पाहतोय. एक तट विचारतो, बापाला आता विचारायचंही नाही का? दुसरा म्हणतो, जो वर्षानुवर्षं फिरकला नाही त्याला कशाला विचारायचं? आवाज चढतात, कुणाच्या तरी चुलतभावाची हकीकत निघते, मग कुणाच्या तरी नणंदेची. आणि दोन्ही तट मनातल्या मनात एकच प्रश्न सोडवत असतात: मूल कोणाचं? सातबाऱ्यावर नाव कोणाचं, या थाटात.

प्रश्नच चुकीचा धरलाय. पासपोर्ट आईचा नसतो, बापाचाही नसतो. तो त्या मुलाचा कागद असतो. माझं म्हणणं असं की अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टला एका पालकाची सही पुरेशी मानावी, दुसऱ्या पालकाला सरकारनेच रीतसर कळवावं, आणि त्याला हरकत असेल तर ठरावीक मुदतीत त्याने कोर्टात जावं. आज उलटं आहे. हरकत घेणारा घरी बसतो आणि अर्ज करणारी बाई वकील शोधत फिरते. (बाई म्हटलं कारण बहुतेकदा मूल तिच्याजवळ असतं. सही दाबून बसलेल्या आयाही आहेत, आणि त्यांच्या बाबतीतही माझं म्हणणं बदलत नाही.)

नियम तसा वाईट लिहिलेला नाही. दोन्ही पालक राजी असतील तर अर्जाला जोडायचं घोषणापत्र म्हणजे 'अ‍ॅनेक्शर डी', एकाची संमती मिळत नसेल तर 'अ‍ॅनेक्शर सी'. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने बरीच झाडलोट केली. अ‍ॅनेक्शरांची संख्या १५ वरून ९ वर आणली, नोटरीचा शिक्का काढून टाकला, साध्या कागदावरची स्वतःची घोषणा चालेल म्हणून सांगितलं. अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालेल, असंही तेव्हाच ठरलं. म्हणजे कागदावर बघाल तर माझी अर्धी मागणी सरकारने आधीच मान्य केलेली आहे. मग घोडं अडतं कुठे?

माझ्या मावसबहिणीबरोबर एका पासपोर्ट केंद्रावर गेलो होतो तेव्हा ते कळलं. तिचा मुलगा ९ वर्षांचा. मामा सिंगापूरला, दिवाळीच्या सुट्टीत बोलावलेलं. केंद्राच्या बाहेर फुटपाथवर छत्रीखाली घडीचं टेबल, त्यावर स्टेपलर, डिंकाची बाटली आणि झेरॉक्सची चळत. टेबलामागच्या माणसाने मुलाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, ''डी का सी?'' एका अक्षरात संसाराची चौकशी. ती म्हणाली, सी. त्याने मान हलवली आणि वरच्या गठ्ठ्याला हात न लावता खालून एक कागद काढला. पोराचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. त्याला सही करायला मिळणार होती. आठवडाभर त्याने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सराव केला होता. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची की नाही, हे ठरत नव्हतं.

ए काउंटरवर फोटो झाला, कागद स्कॅन झाले. बी काउंटरवर सरकारी अधिकारी बसतो. तिथे त्याने कागद चाळले आणि विचारलं, ''मिस्टरांची सही?'' सी जोडलंय म्हटल्यावर, ''घटस्फोट झालाय?'' नाही. ''केस चालू आहे?'' नाही. ''मग सही का नाही?'' आता याचं उत्तर काय देणार? नवरा चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात गेला तो गेलाच. भांडण नाही, मारहाण नाही, नोटीस नाही. गणपतीत एखादा फोन येतो, एरवी तो उचलतही नाही. त्याने नकार दिलेला नाही आणि होकारही दिलेला नाही. कोर्टाची पायरी चढली नाही म्हणून आजवर लोक तिला समजूतदार म्हणायचे. बी काउंटरवर तोच समजूतदारपणा आडवा आला. तिच्याकडे हुकूमनामा असता तर काम तासाभरात झालं असतं. तो अधिकारी दुष्ट नव्हता हो. उलट त्याने आवाज खाली करून सांगितलं, ''ताई, उद्या ते येऊन माझ्यावरच तक्रार करतील, की माझ्या मुलाला पासपोर्ट कसा दिला. तेव्हा मी काय दाखवू?'' फाइल होल्डवर गेली.

त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि दुखणं नेमकं तिथे आहे. नियमाने त्याला 'सी' स्वीकारायचा अधिकार दिला, पण स्वीकारल्यावर पाठीशी कोण उभं राहणार ते सांगितलं नाही. मग तो न्यायाधीश होतो. साक्षी न काढता, दुसऱ्या बाजूला न ऐकता, काचेपलीकडून चार मिनिटांत त्याला एका लग्नाचा निवाडा करायचा असतो. असं करायला त्याला कोणी शिकवलेलं नाही, आणि शिकवूही नये.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू, कारण तिच्याकडे बोलण्यासारखं बरंच आहे. आईने किंवा बापाने मूल परदेशी नेऊन परत न आणणं, ही काही टीव्ही मालिकेतली कल्पना नाही. मुलांच्या अशा पळवापळवीसाठी १९८० चा हेग करार आहे. त्यात सामील असलेले देश मूल आधी जिथे राहत होतं तिथे परत पाठवण्यासाठी एकमेकांना बांधील असतात. भारताने त्यावर सही केलेली नाही. म्हणजे नाशिकहून मूल टोरांटोला गेलं आणि परत आलं नाही, तर मागे राहिलेल्या बापाला तिथल्या कोर्टात स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या वकिलाकरवी झगडावं लागणार. महिना तीस-चाळीस हजार मिळवणाऱ्या माणसाला ते जमेल? मूल एकदा गेलं की गेलं, ही त्याची भीती खोटी नाही. त्याच्या हातात एकच फाटक आहे, सहीचं. ते उघडून टाका म्हणणारे आपण कोण? शिवाय अमेरिकेसारख्या देशातही १६ वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. मग आपणच का सैल व्हायचं?

हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. पण त्याने धरलेलं फाटक चोराच्या वाटेवर आहे का, हे तपासून बघू. अशा वादांतून आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली गाजलेली प्रकरणं काढून बघा. २००९ चं रवी चंद्रन, २०१५ चं सूर्य वदनन, २०१७ चं नित्या आनंद राघवन. तिन्हींत मूल बाहेरून भारतात आणलेलं होतं, अमेरिकेतून किंवा ब्रिटनमधून. मुलांचं नागरिकत्व तिकडचं होतं, पासपोर्टही तिकडचे. त्या पासपोर्टांना आपलं अ‍ॅनेक्शर डी माहीतच नाही. आपल्या सहीच्या नियमाने यातलं एक तरी मूल अडलं असतं? आणि ज्याला खरोखर मूल पळवायचंच आहे तो सहीपाशी थबकेल, ही समजूत जरा भाबडी आहे. तो डी जोडेल आणि दुसरी सही स्वतःच ठोकेल. नोटरी २०१६ मध्येच गेला. सहीचं फाटक अडवतं ते खरं सांगणाऱ्याला. 'सही मिळत नाही' असं जो लिहून देतो त्याला.

पासपोर्ट म्हणजे प्रवास नव्हे, हेही या चर्चेत कुणी धड बोलत नाही. पासपोर्टनंतर व्हिसा असतो. शेंगेन व्हिसाला अल्पवयीन मुलासाठी पालकांच्या संमतीची कागदपत्रं पुन्हा लागतातच. तिथे निदान प्रश्न नेमका असतो: कुठे, किती दिवस, कोणाबरोबर. बी काउंटरवरचा प्रश्न मात्र हवेतला असतो. हे मूल पुढच्या पाच वर्षांत कधीतरी, कुठेतरी, कुणाबरोबर तरी गेलं तर चालेल का? अशा प्रश्नाला शहाणा माणूसही 'बघू' म्हणेल. व्हिसा न मागणारे देशही आहेत, कबूल. नेपाळला तर आपल्याला पासपोर्टही लागत नाही. सही न घेता सोनौलीच्या नाक्यावरून कुणीही आपलं पोर पलीकडे नेऊ शकतं. एवढं उघडं दार घरात असताना खिडकीला कुलूप लावून बसण्यात काय हशील?

हो, पण काही दारांना कुलूप हवंच. ते कुलूप कायद्यात आधीपासून आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातलं कलम ६ वाचा. पासपोर्ट कोणत्या कारणांनी नाकारता येतो, त्याची तिथे यादी आहे. देशाचं सार्वभौमत्व आहे, प्रलंबित फौजदारी खटला आहे, वॉरंट आहे. 'दुसऱ्या पालकाची सही नाही' हे कारण त्या यादीत नाही. मात्र अर्जदाराने भारताबाहेर जाऊ नये असा कोर्टाचा मनाई हुकूम असेल, तर तो त्या यादीत आहे. पासपोर्ट आधीच दिलेला असेल तर अशाच हुकमावर कलम १० खाली तो जप्तही करता येतो. म्हणजे ज्या बापाला खरोखर भीती आहे त्याच्यासाठी कायद्याने ५० वर्षांहून अधिक काळ रस्ता ठेवलेला आहे. कुटुंब न्यायालयात जा, भीतीची कारणं सांग, मनाई घे किंवा पासपोर्ट कोर्टात जमा करायला लाव. तिथे दोन्ही बाजू ऐकल्या जातात आणि मूल मोठं असेल तर त्यालाही चेंबरमध्ये बोलावून विचारतात. ब्रिटनमध्ये साधारण असंच चालतं. पालकत्वाची जबाबदारी असलेला कोणताही एक जण मुलाच्या पासपोर्टसाठी अर्ज करतो आणि ज्याला अडवायचंय तो कोर्टाचा हुकूम आणतो. ब्रिटन हेग करारात आहे म्हणून त्याला हे परवडतं, असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण मग करारात जाण्याचा आग्रह धरा, नाहीतर तोडीस तोड कायदा मागा! करारात सामील व्हा, ही विधी आयोगाची शिफारस २००९ ची आहे. सरकारने जे केलं नाही त्याची भरपाई ९ वर्षांच्या पोराने दिवाळीची सुट्टी घालवून का करायची?

पासपोर्ट हक्क की मेहेरबानी, हा वाद तसा जुनाच. १९६७ च्या आधी आपल्याकडे पासपोर्ट ही सरकारची मर्जी होती. दिला तर दिला, नाही तर का नाही हे विचारायची सोय नव्हती. त्या वर्षी एप्रिलमध्ये सतवंत सिंग सॉहनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्याशिवाय तो हिरावता येणार नाही. म्हणून तर त्याच वर्षी घाईघाईने पासपोर्ट कायदा आला. पुढे १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट 'जनहितासाठी' म्हणून मागवून घेतला आणि कारण द्यायला सरकारने नकार दिला. १९७८ च्या निकालाने तेही अंगाशी आलं: नुसती कायदेशीर पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. सरकारच्या लहरीतून हा कागद सोडवायला एवढा खटाटोप झाला. आणि आता तोच कागद आपण एका माणसाच्या लहरीवर टांगून ठेवतो, त्याने कारणही द्यायला नको, फोनही उचलायला नको. सरकारला जे करायला बंदी, ते रुसलेल्या नवऱ्याला माफ?

सहीचा जाच पासपोर्टपुरता नाही. १९८४ मध्ये एका जोडप्याने आपल्या मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं आणि पालक म्हणून आईने सही करावी असं दोघांनी मिळून कळवलं. बापाची हरकत नव्हती, उलट लेखी संमती होती. तरी बँकेने अर्ज परत केला, बापाची सही आणा नाहीतर आई पालक असल्याचा दाखला आणा म्हणून. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून 'पिता, आणि त्याच्यानंतर माता' असं लिहिलं होतं, म्हणून. गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या प्रकरणाचा निकाल लागायला १९९९ उजाडलं. 'त्याच्यानंतर' म्हणजे 'तो मेल्यावर' असं नाही, तो लक्ष घालत नसेल किंवा प्रत्यक्षात नसेल तेव्हाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. हा अर्थ माझ्या मावसबहिणीला तंतोतंत लागू पडतो. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बी काउंटरपर्यंत पोचायला पंचवीस वर्षंही पुरलेली दिसत नाहीत. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एकट्या आईच्या मुलीच्या पासपोर्टवर बापाचं नाव घालण्याचा आग्रह धरू नका म्हणून सांगितलं होतं, तेही असंच एकेका अर्जदाराला कोर्टात जाऊन पुन्हा मिळवावं लागतं. इकडे महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदोपत्री नावात आईचं नाव बापाच्या नावाआधी घालायचं ठरवलं. छान झालं. नाव आधी आलं, सही मात्र अजून अर्धीच धरतात.

रखमाबाईंच्या खटल्याची या निमित्ताने आठवण होते. ११ व्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी, मोठी झाल्यावर नांदायला जायचं नाकारते, आणि १८८४ पासून चार वर्षं मुंबईची कोर्टं आणि वर्तमानपत्रं भांडत राहतात. नवऱ्याचा हक्क मोठा की सरकारचा, शास्त्र मोठं की इंग्रजी कायदा. तिचं स्वतःचं म्हणणं सरळ होतं की मला कोणी विचारलंच नव्हतं. मोठमोठ्या माणसांच्या अग्रलेखांत ते एक वाक्य कुठच्या कुठे हरवलं. १८८९ मध्ये ती बोटीने इंग्लंडला गेली, वैद्यकी शिकली, परत येऊन डॉक्टर झाली. पुढचा इतिहास ठाऊक आहे म्हणून आज आपण तिच्या बाजूने असतो. जपानला निघालेल्या १७ वर्षांच्या मुलीच्या वेळी मात्र आपण पुन्हा त्याच अग्रलेखांच्या भाषेत बोलतो. तिला जायचं होतं का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? नियमच सांगतो की १५ ते १८ वयाच्या मुलांना हवा तर पूर्ण १० वर्षांचा पासपोर्ट घेता येतो. म्हणजे २७ व्या वर्षापर्यंत चालणारा कागद तिला द्यायला सरकार तयार आहे, पण त्या कागदाबाबत तिचं मत ऐकायला तयार नाही. १६ च्या पुढच्या मुलाचं स्वतःचं निवेदन घ्यावं आणि त्याला वजन द्यावं, यात कोणाचं काय बिघडतं?

आणखी एक गोष्ट. ती वकिलांना विचारा, ते हसून सांगतील. सही ही हुंडी झालेली आहे. पोटगी कमी कर, सही देतो. केस मागे घे, सही देतो. आणि उलट्या बाजूनेही: मुलाला भेटायचंय ना, मग आधी डीवर सही कर. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच निघतो, त्यामुळे ही हुंडी पुन्हा पुन्हा वटवता येते. बाळाच्या वेळी, मग पाचव्या वर्षी, मग दहाव्या. मूल पळवलं जाऊ नये म्हणून ठेवलेला नियम मुलाला तारण ठेवायला वापरला जातो. बापाचा हक्क बुडेल म्हणणाऱ्यांनी याचंही उत्तर द्यावं. हक्क म्हणजे मुलाला भेटण्याचा, त्याच्या शाळेत जाण्याचा, त्याच्या आजारपणात उशाशी बसण्याचा. तो बुडत असेल तर मी त्याच्या बाजूने भांडेन. सही दाबून ठेवण्याने यातलं काय मिळतं?

म्हणून नोटिशीचा आग्रह. 'सी' आला की कार्यालयाने दुसऱ्या पालकाला शेवटच्या ठाऊक पत्त्यावर आणि मोबाइलवर कळवावं, ३० दिवस द्यावेत. त्या मुदतीत कोर्टात अर्ज दाखल केल्याचा पुरावा आला तर थांबावं, नुसतं 'माझा विरोध आहे' असं पत्र आलं तर ते फाइलला लावून पासपोर्ट द्यावा. नाकारायचा तर कायदा सांगतो तशी लेखी कारणं द्यावीत. नोटिशीची पोच हाच त्या अधिकाऱ्याचा 'मी काय दाखवू'चा कागद. खरा बाप ३० दिवसांत कोर्टात पोचतो. त्याला आजच्यापेक्षा जास्त संरक्षण मिळेल, कारण आज बनावट डी जोडली गेली तर त्याला पत्ताही लागत नाही. तो धोका टाळायचा तर डीच्या वेळीही दोघांच्या मोबाइलवर एक ओटीपी पाठवता येईल. गॅसच्या सिलिंडरला ओटीपी मागणाऱ्या देशात हे अवघड आहे असं कुणी मला सांगू नये.

मावसबहिणीच्या पोराचा पासपोर्ट साडेतीन महिन्यांनी आला. मध्ये दोन हेलपाटे, एक जबाब, आणि नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या हातापाया पडून मिळवलेलं एक पत्र. दिवाळी होऊन गेली होती, मामाची सुट्टीही. पोराने पाकीट फोडलं आणि आधी स्वतःची सही शोधली. आडनावाला शेपूट काढलेली होती. मग त्याने मुदत वाचली आणि बोटं मोजली. संपेल तेव्हा तो १४ वर्षांचा असेल. ''तेव्हा पण त्या काकांकडे जायचं?'' त्याने विचारलं. आईने पासपोर्ट त्याच्या हातातून घेऊन कपाटात, भांड्यांच्या पावत्या ठेवते त्या डब्यात टाकला.